दहा मिनिटांत आठ आवर्तनं

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांत पुरी होते. स्पर्धेत शास्त्रीय गायनाला बहुतेक वेळा १० मिनिटं मिळतात. कुठे ८, छोट्या गटाला त्याहून कमी. दहातली तीन मिनिटं जलद लयीतल्या छोट्या ख्यालाला ठेवली, सुरुवातीचा षड्ज आणि रागाची ओळख करून देणारा थोडा आलाप यांत अर्धं मिनिट गेलं, की विलंबित लयीतल्या बड्या ख्यालाच्या वाट्याला आठ आवर्तनं येतात. बंदिशीच्या पहिल्या भागाला, म्हणजे स्थायीला दोन, दुसऱ्या भागाला, म्हणजे अंतऱ्याला दोन. राहिली चार. या चार आवर्तनांत बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं विस्तार करायचा, बंदिशीचे शब्द घेऊन बोल-आलाप दाखवायचे, लय सांभाळायची, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर नीट यायचं आणि शिवाय चेहरा प्रसन्न ठेवायचा.

प्रवेशअर्ज यायला लागले की हा हिशेब मी प्रत्येक मुलासाठी नव्यानं मांडते, कारण प्रत्येकाची लय वेगळी आणि दमसासही वेगळा. हे पाहून एका विद्यार्थिनीचे आजोबा वैतागले होते. "ताई, ख्याल काय घड्याळ लावून गायचा असतो?" त्यांचा राग मला समजतो. पण घड्याळाशी आपल्या गाण्याचं नातं फार जुनं आहे. १९०२ मध्ये गौहर जान तबकडीसाठी गायल्या तेव्हापासून मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीनं गवयांना तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायला लावलं, आणि त्यांनी तो केला. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे. तेव्हा वेळ कमी आहे ही तक्रार मला फारशी पटत नाही.

अडचण दुसरीच आहे. केसरबाईंपाशी तासन्‌तास गाता येईल एवढी भैरवी होती. त्यातली साडेतीन मिनिटं त्यांनी निवडून दिली. स्पर्धेला बसणाऱ्या मुलापाशी बरेचदा नेमकी दहाच मिनिटं असतात. अकरावं मिनिट त्याच्याकडे नसतंच. सहा महिने तीच स्थायी, तोच अंतरा, वहीत लिहून दिलेले तेच आलाप, क्रमांक घातलेल्या त्याच आठ ताना. असं गाणं बसवलं की ते खणखणीत बसतं, बक्षिसंही मिळवतं, आणि मंचावर एखादी गोष्ट जरा इकडची तिकडे झाली की जागच्या जागी कोसळतं. वर्षानुवर्षं मुलांना स्पर्धांना नेताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: दहा मिनिटांतला काही भाग मुद्दाम न बसवता ठेवला पाहिजे. लहान मुलांचासुद्धा. किती आणि कुठला, यावर मात्र डोकं चालवावं लागतं.

त्याआधी राग ठरायला हवा, आणि इथेच घरचे लोक पहिल्यांदा मैदानात उतरतात. "काहीतरी वेगळं घ्या ना ताई, भूप तर सगळेच गातात." सगळेच गातात हे खरं. संगीताच्या पहिल्यावहिल्या परीक्षांपासून भूप आपल्या मागे असतो, त्यामुळे तो मागे टाकलेला राग आहे असं वाटू लागतं. मग कुणीतरी अनवट राग सुचवतं, नाव ऐकूनच परीक्षक सरसावून बसतील असा. मी शक्यतो नकार देते. ज्या रागाचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, मुलानं मैफलीत कधी ऐकलेलं नाही, ज्यात वर्गातलं दुसरं कुणी काही गात नाही, त्या रागात त्याला स्वतःहून एक स्वरवाक्यही सुचणार नाही. तिथे फक्त पाठांतर शक्य आहे.

आणि भूप सोपा कुठे आहे? सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. स्वर कमी म्हणून काम कमी, असा समज असतो. उलट लपायला जागा कमी असते. हेच पाच स्वर घेऊन देशकारही उभा आहे. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर गंधार आणि संवादी, म्हणजे त्याखालोखालचा धैवत, देशकाराचा नेमका उलटा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमणारा; देशकार सकाळचा, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात वावरणारा. आता घाबरलेलं मूल मंचावर काय करतं ते बघा. खालच्या स्वरांत आवाज थरथरतो हे त्याला जाणवतं, म्हणून ते पंचमाच्या वर पळतं, कारण वर आवाज मोकळा, मोठा लागतो. तिथे धैवतावर थांबतं. बरं वाटतं म्हणून पुन्हा थांबतं. तिसऱ्यांदा थांबलं की समोर बसलेले परीक्षक मान वर करतात, कारण भूप म्हणून सुरू झालेल्या गाण्यात सकाळ व्हायला लागलेली असते. एकही स्वर चुकलेला नाही आणि राग गेला! घरी रेकॉर्डिंग ऐकताना आईवडिलांना कळत नाही की गुण कुठे कापले. वर्गात मी या मुलांना आधी देशकार ऐकवते, थोडा गाऊन घेते, मग भूपाकडे परत आणते. शेजारी कोण राहतो हे माहीत असलं की आपलं घर चुकत नाही. यात दोन-तीन आठवडे जातात, आणि पालकांना वाटतं की स्पर्धेची तयारी अजून सुरूच झालेली नाही.

राग ठरवताना मी एवढंच बघते की या मुलाचा आवाज विनासायास कुठे विसावतो. काही गळे गंधारावर जाऊन आपसूक थांबतात. काहींना मध्यम आवडतो. त्यांना दुर्गा द्यावा, धैवतावरून मध्यमावर उतरताना त्यांचा चेहराच बदलतो. एक मुलगा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, इतक्या हौसेनं घ्यायचा की त्याला तुटक चलनाचा राग देणं हा अन्याय झाला असता. बाकी दुर्मीळ-सुलभ, मोठा-छोटा हे निकष मोठ्यांच्या सोयीचे असतात.

आता बसवण्याबद्दल.

माझ्या हिशेबात पाच गोष्टी पक्क्या लागतात: पहिला षड्ज, मुखडा (बंदिशीचा समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा), स्थायी-अंतरा, छोट्या ख्यालाची बंदिश आणि शेवटची तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा). यात मी काडीचीही सूट देत नाही. झोपेतून उठवून म्हणायला सांगितलं तरी म्हणता आलं पाहिजे. मधली ती चार आवर्तनं मात्र वहीत लिहायची नाहीत. त्यासाठी एवढंच ठरतं की पहिल्या आवर्तनात गंधाराच्या खालीच राहायचं, दुसऱ्यात पंचम दाखवायचा, तिसऱ्यात धैवताला स्पर्श करून वरच्या षड्जापर्यंत जायचं, चौथ्यात खाली यायचं. कुठल्या स्वरसमूहांनी जायचं ते त्या दिवशी त्या क्षणी तिनं बघायचं.

सुरुवातीला मुलं याला विलक्षण घाबरतात. "ताई, लिहून द्या ना, मी पाठ करते." हे वाक्य ऐकल्याशिवाय माझं एकही वर्ष गेलेलं नाही. पाठ करणं हा त्यांचा शाळेतला हातखंडा, त्यामुळे त्यांचं चुकत नाही. मग आम्ही उलट्या टोकानं सुरुवात करतो. फक्त सा, रे आणि ग. या तीन स्वरांत एक आवर्तन भरून काढायचं. पहिल्या दिवशी तिसऱ्या मात्रेलाच सगळं संपतं. तेच तेच गायचं तर लाज वाटते, नवं काही दिसत नाही. हळूहळू लक्षात येतं की गंधारावर नुसतं थांबताही येतं, ऋषभाला वगळून जाता येतं, षड्जापर्यंत न येता श्वास घेता येतो, बंदिशीतला एखादा शब्द घेऊन तो ऋषभावर टेकवता येतो. ही ओळख झालेली मुलगी मंचावर विसरत नाही, कारण विसरण्यासारखं तिच्याजवळ काही नसतंच.

दर शनिवारी घड्याळ बाजूला ठेवून तोच राग अर्धा तास गायचा, असा आमचा नियम आहे. चांगलं झालं नाही तरी चालेल, कंटाळवाणं झालं तर उत्तम. दहा-बारा मिनिटांनंतर पाठ केलेलं सगळं संपतं. मग काही वेळ रडारड, म्हणजे गाण्यातली. आणि त्यानंतर कधीतरी एखादी अगदी साधी, पण तिची स्वतःची जागा येते. मी तिथे काही बोलत नाही. "व्वा" म्हटलं की ती जागा वहीत जाते आणि पुढच्या शनिवारी क्रमांक घालून परत येते.

नक्कल वाईट, असं मला म्हणायचं नाही. लहानपणी कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गात असत, आणि त्या वयातच त्यांचं नाव झालं होतं. पण त्यानंतर ते देवधर मास्तरांकडे शिकायला राहिले आणि पुढे जे घडलं ते त्या तबकड्यांपेक्षा फार वेगळं होतं. गळ्याला वळण लावायला नक्कल हवीच; आपण सगळे तिथूनच आलो. आजकाल मात्र एकाच स्पर्धेत तीन वेगवेगळ्या क्लासची मुलं एकाच कलाकाराच्या एकाच चलचित्रातली तान, श्वासाच्या जागेसकट, जशीच्या तशी गाताना ऐकू येतात. परीक्षकांनीही ते चलचित्र पाहिलेलं असतं. तिसऱ्या मुलाची तान कितीही दाणेदार असली तरी त्यांच्या कानांत आता मूळ तान वाजत असते, आणि तुलना तिच्याशीच होते. बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंही नसतं.

न बसवलेल्या भागाचा खरा उपयोग चूक झाल्यावर कळतो. विलंबित एकतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे त्याचे ठरलेले बोल घ्या. धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. यात 'धागे तिरकिट' दोनदा येतं. तिरकिट चौथ्या मात्रेला आणि पुन्हा दहाव्या मात्रेला. शिकणाऱ्या मुलांचा कान तिरकिटावर टांगलेला असतो, कारण तिरकिट आलं की सम जवळ, एवढं त्यांनी पक्कं धरलेलं असतं. आलापाच्या नादात मोजणी सुटली की चौथ्या मात्रेचं तिरकिट दहाव्याचं वाटतं. मूल मुखडा उचलतं, मोठ्या आत्मविश्वासानं समेवर येतं आणि खाली 'क त्ता' वाजत असतं. बरोबर अर्ध्या आवर्तनाची चूक. मी स्पर्धांत पाहिलेल्या तालाच्या चुकांत सर्वाधिक याच जातीच्या. यावर उपाय मोजणी वाढवणं हा नाही. ४८ सेकंद बोटं मोजत आलाप करता येत नाही. तिरकिटानंतर काय वाजतं ते ऐकायचं. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, तेव्हा डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या डाव्या वाद्याचा घुमारा नसतो, ठेका पोकळ होतो. दुसऱ्यानंतर 'धी ना', डग्गा परत आलेला असतो. तेवढं ऐकू आलं की झालं.

वर्गात मी मध्येच हात वर करते: "आत्ता हरवलीस असं समज. ये परत." मुखडा पाचव्या मात्रेपासून उचलायचा, नवव्यापासून उचलायचा, अगदी उशीर झाला तर नुसता शेवटचा शब्द घेऊन समेवर यायचं. ज्या मुलीनं आलापही अक्षरन्‌अक्षर पाठ केलेत तिला हे जमत नाही. एक वाक्य गाळलं की तिची पुढची सगळी साखळी तुटते. जिचा मधला भाग मोकळा आहे ती आलाप तिथेच आवरते, ठेका ऐकते आणि पुढचं आवर्तन घेते. समोरच्यांना पुष्कळदा पत्ताही लागत नाही. आणि लागला तरी सावरून परत येणाऱ्या मुलाबद्दल जाणत्या परीक्षकाला प्रेमच वाटतं.

ऐकण्याच्या बाबतीत मोबाइलवरच्या तबल्यानं आपलं नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या रियाजाला तो हवा. त्याच्याशिवाय घरोघरी तालात गाणं अशक्यच होतं. पण तो तबला कधी वाट बघत नाही, कधी पुढे येत नाही, गाणाऱ्याकडे पाहत नाही. त्याच्याबरोबर वाढलेलं मूल खऱ्या तबलजींच्या शेजारी बसतं आणि तबलजी तिथे आहेत असं वागतच नाही. त्यांनी लय किंचित चढवली की मूल गोंधळतं. त्यांनी समेआधी छोटासा तुकडा भरला की ठेकाच बदलला असं वाटतं. म्हणून शेवटच्या महिन्यात निदान चार-पाच बैठका माणसाबरोबर झाल्या पाहिजेत, आणि शक्यतो एकाच माणसाबरोबर नको. लय सांगायची कशी, हेही मुलांना शिकवावं लागतं: वळून बघायचं, मुखडा त्याच लयीत हलक्या आवाजात म्हणून दाखवायचा, हातानं मात्रा द्यायची. मोठ्या माणसाला लय सांगायला मुलं संकोचतात. तो संकोच आधी वर्गात जायला हवा.

पट्टीचंही, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला षड्ज धरून गाणार तेही आधी कळवावं. तबला हातोडीनं गट्टे ठोकून, गजऱ्यावर आघात करून स्वरात आणतात, पण त्यालाही मर्यादा आहे. पुरुषांच्या काळी एकसाठी आणलेला तबला मुलींच्या काळी चार-पाचला चढत नाही, त्यासाठी लहान तोंडाचा तबला लागतो. आयत्या वेळी तो नसला की मुलीला अर्धा स्वर खाली गायला लावतात. खालचा पंचम मग लागतच नाही.

तबल्याच्या एकल वादनाची तयारी मी करून घेत नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. पण लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला सतत फिरत राहणारी धून, धरायला अनेकदा पेटीवर बसले आहे, आणि तिथेही हेच दिसतं. पेशकार, कायदा, रेला, तुकडे, चक्रदार असे तबल्याचे सगळे रचनाप्रकार बसवलेले. 'धाधा तेटे' या बोलांचे पलटे, म्हणजे उलटसुलट रचना, क्रमानं पाठ. लेहऱ्याकडे मात्र कानच नाही. एक पलटा निसटला की हात थांबतात, आणि सोळा मात्रांचा लेहरा कुणासाठी न थांबता पुढे जातो.

भीतीबद्दल बरंच लिहिता येईल. "घाबरू नकोस" हे वाक्य विंगेत इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याचा एकच परिणाम होतो: आता घाबरायची वेळ झाली, हे मुलाला कळतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, आणि धडधड वाढल्यामुळे नेहमीची लय रेंगाळल्यासारखी वाटते. म्हणून मुलं मंचावर ठरल्यापेक्षा जलद सुरू करतात. लय चढली की ताना अंगाबाहेर जातात. हे रोखायला मी एक काम करून घेते. जिन्याच्या दोन फेऱ्या धावत मारायच्या, धापा टाकत येऊन बसायचं आणि तशा अवस्थेत तानपुरा ऐकून षड्ज लावायचा. मग मुखडा रोजच्याच लयीत. धडधडत्या छातीनं गाता येतं, हे एकदा शरीराला कळलं की पुष्कळ काम झालं.

बघणारे असले की माणसाच्या कामावर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रात शंभराहून अधिक वर्षं विचार चाललाय. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला लावली, एकदा एकट्यानं, एकदा दुसऱ्याबरोबर. जोडीदार असताना काही मुलं जलद झाली, काही उलट गडबडली. असं दोन्ही का होतं, याचा उलगडा १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी मांडला: अंगवळणी पडलेलं काम प्रेक्षकांसमोर अधिक चांगलं होतं, न मुरलेलं काम अधिक बिघडतं. पुढे १९६९ मध्ये त्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. बघ्या झुरळांसमोर सरळ वाटेनं पळणारं झुरळ जोरात पळालं, चक्रव्यूहात सोडलेलं मात्र आणखी मंदावलं. मुलांना हा किस्सा फार आवडतो. परीक्षकांकडे बघून त्यांना झुरळं आठवली तर तो दोष माझा नाही.

यातून एक शंका कुणालाही यावी: अंगवळणी पडलेलंच जर मंचावर टिकतं, तर मधला भाग मोकळा ठेवणं म्हणजे मुलाला चक्रव्यूहात सोडणं नव्हे का? मीही या प्रश्नाशी बराच काळ झगडले. माझं उत्तर असं, की अंगवळणी काय पाडायचं हे आपल्या हातात आहे. आठ ताना पाडता येतात, तशी तीन स्वरांत आवर्तन भरण्याची सवयही पाडता येते. शनिवारचा अर्धा तास त्यासाठीच. ज्या मुलानं ही सवय केलेली नाही त्याला केवळ तत्त्वासाठी मंचावर मोकळं सोडणं क्रूरपणा आहे. त्याला मी सरळ बसवून देते. पहिल्या वर्षी चारांतलं एकच आवर्तन मोकळं, पुढच्या वर्षी दोन, अशी हळूहळू वाढ केली तरी चालतं.

विंगेत काय म्हणावं, यालाही थोडा आधार सापडतो. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसापुढे गायला लावलं होतं. गाण्याआधी "मी घाबरलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणारे अधिक सुरात गायले. धडधड दोन्हीकडे तीच. मी मुलांना हे वाक्य म्हणायला लावत नाही, कृत्रिम वाटतं. फक्त विचारते, "आज पहिल्या आवर्तनात काय करणार आहेस?" डोळे चमकले तर ठीक. "ठरवलं नाहीये अजून," असं उत्तर आलं तर त्याहून ठीक.

निकालाविषयी मी मुलांना खरं सांगते: परीक्षक माणसं असतात. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तरीही तिथल्या अनेक वर्षांच्या निकालांचा १९९६ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा आधीच्या दिवसांत वाजवणाऱ्यांपेक्षा नंतर वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त दिसली. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांनी दाखवलं की पियानो स्पर्धांचे विजेते नुसता आवाज ऐकून लोकांना ओळखता आले नाहीत, पण आवाज बंद करून चित्रफीत दाखवली तेव्हा बऱ्यापैकी ओळखता आले. व्यावसायिक वादकांचंही तेच. हे वाचल्यावर मी बसण्याकडे, हातवाऱ्यांकडे, तान घेताना वेड्यावाकड्या होणाऱ्या जबड्याकडे थोडं अधिक लक्ष द्यायला लागले. थोडंच. काही क्लासमध्ये दाद दिल्यासारखी मान हलवायलाही शिकवतात, स्वतःच्याच गाण्याला! ते बघताना मला अवघडायला होतं.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जिच्याविषयी क्लासमध्ये पुरेसं बोललं जात नाही. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही. कित्येक महिने गळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि स्पर्धांचे वयोगट नेमके याच वयाभोवती असतात. गेल्या वर्षीपर्यंत काळी चारमध्ये वरचा षड्ज लीलया लावणारा मुलगा यंदा पंचमाशीच चिरकतो. मुलं हसतात. घरी वाटतं, रियाज कमी पडला. म्हणून आणखी रियाज, वरच्या स्वरांत, जोर लावून. याहून वाईट काही नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं, अर्ज भरून झाल्यावर. त्याच्या वडिलांचं म्हणणं, आता माघार घेतली तर तो खचेल. मला वाटत होतं, चिरक्या आवाजात लोकांसमोर गायला लावलं तर जास्त खचेल. शेवटी आम्ही त्यालाच विचारलं. मोठ्यांना हे उशिरा सुचतं. तो म्हणाला, "मला गायचंय, पण वरचा सा नको." मग पट्टी उतरवली, गाणं मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम ते मध्य सप्तकातला धैवत एवढ्यातच ठेवलं, ताना काढून टाकल्या, छोट्या ख्यालातही बोल-आलापच. नियमानुसार ते अपुरं होतं, आणि क्रमांक येणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा तो खालच्या पंचमावर थांबला. आधीच्या गोड, चढ्या आवाजात त्यानं तिकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. एका परीक्षकांनी गुणपत्रिकेवर 'मंद्र चांगला' एवढंच लिहिलं. तो कागद वडिलांना फारसा पटला नाही. मला पटला.

स्पर्धा बंद कराव्यात असं म्हणणारे लोक आमच्या क्षेत्रात आहेत. मी त्यांच्यातली नाही. तारीख ठरल्याशिवाय मुलं मुखडा पक्का करत नाहीत, हा माझा अनुभव, आणि अनोळखी तबलजींबरोबर बसण्याची संधी एरवी त्यांना देणार कोण? फक्त नियमात एक बदल व्हावा असं मला फार वाटतं. ठरलेलं गाणं झालं की परीक्षकांनी त्याच रागातली एक छोटी स्वरावली मुलाला म्हणून दाखवावी आणि सांगावं, "इथून पुढे तू जा, दोन आवर्तनं." त्याला स्वतंत्र गुण असावेत. रटलेलं कोण आणि शिकलेलं कोण, हे तेवढ्यात समजेल. आणि हा नियम झाला की सगळे क्लास त्याची तयारी करून घेऊ लागतील, कारण गुण जिकडे तिकडे क्लास.

हे मी एका आयोजकांपाशी बोलून पाहिलं. त्यांनी कागदावर आकडे मांडले. दिवसाला ४० स्पर्धक, प्रत्येकी दोन मिनिटं वाढली तर ८० मिनिटं. सभागृह तेवढा वेळ मिळत नाही, परीक्षक थकतात, शेवटच्या मुलांना ताटकळावं लागतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी म्हटलं, मग वेळ वाढवू नका, छोट्या ख्यालाच्या तीन मिनिटांतली दोन माझ्याकडून परत घ्या. ते विचार करून सांगतो म्हणालेत.